प्रश्न तुमचे : दुसऱ्याच्या वर्गात जाताना

(जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षिका, डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) विषय सहायक, मग मुख्याध्यापिका आणि शेवटी केंद्रप्रमुख (शाळांच्या एका गटाच्या प्रमुख) म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आमच्या सदरलेखिका या पानावर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रं मुख्याध्यापकाचं काम आणि शिक्षक प्रशिक्षण याबद्दलची आहेत.)

प्रश्न : बाई, जूनपासून माझ्याकडे मुख्याध्यापकाचा प्रभार आला आहे. सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, मला धरून पाच शिक्षक. त्यातले दोघं वयाने आणि नोकरीनेही माझ्यापेक्षा मोठे. कालपर्यंत आम्ही एकत्र डबा खात होतो. आता मी कुणाच्या वर्गात जाऊन बसलो की शिकवणं थांबतं, मुलं 'एकसाथ नमस्ते' करून उभी राहतात, सर मला खुर्ची देतात आणि मधल्या सुट्टीत कुणी माझ्याशी धड बोलत नाही. वरून साहेब विचारतात, वर्गभेटीच्या नोंदींचं लॉगबुक का भरलं नाही? वर्गात जाऊ की नको?
— प्रभारी मुख्याध्यापक, सांगोला तालुका

उत्तर : सर, जा. नक्की जा. मुख्याध्यापकाच्या वाट्याला येणाऱ्या कामांची यादी मला पाठ आहे : पोषण आहाराचा हिशोब, यू-डायसची म्हणजे शाळेची सरकारला द्यायची माहिती, गणवेश, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा, दाखले, आणि 'आज चारपर्यंत पाठवा' असे निरोप. हे सगळं करावंच लागतं. पण आपल्या शाळेत मूल काय शिकतंय हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही, त्याच्या हातात शेवटी नुसती माहिती भरणं उरतं. म्हणून वर्गात जायचं. फक्त शिक्षकाकडे बघायला जायचं नाही, मुलांकडे बघायला जायचं. तुमची अडचण इथेच सुटते, असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण सांगते. माझ्या शाळेत तिसरीला एक अनुभवी गुरुजी होते. मेहनती, वेळेचे पक्के. त्यांच्या परवानगीने मी गणिताच्या तासाला वर्गात गेले आणि मागे मुलांच्या बस्करावर बसले. शेजारी एक मुलगी होती. फळ्यावर वजाबाक्या होत्या. 48 वजा 25, तिने लिहिलं 23. बरोबर. 52 वजा 27, तिने लिहिलं 35. पुढचं 63 वजा 28, उत्तर 45. त्यानंतरचं पुन्हा बरोबर. गुरुजी वही तपासताना म्हणाले, "हिला येतं, पण लक्ष नसतं. अर्धी बरोबर, अर्धी चूक." मुलगी मान खाली घालून बसली.

मी तिला हळूच विचारलं, "हे पस्तीस कसं काढलंस गं?" ती म्हणाली, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे तिचं लक्ष पुरेपूर होतं. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, हा तिचा नियम होता आणि तो ती प्रत्येक गणिताला इमानाने लावत होती. ज्या गणितात वरचे अंक मोठे, तिथे उत्तर बरोबर यायचं. जिथे दशक सोडवायचा, तिथे चुकायचं.

शाळा सुटल्यावर मी गुरुजींना तुमचं हे चुकलं, असं करा, असं काहीच म्हटलं नाही. ती वही त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "गुरुजी, हे पस्तीस कसं आलं असेल?" त्यांनी चष्मा वर केला, बोटाने अंक धरून पाहिले आणि म्हणाले, "अहो, ही उलटं वजा करतेय की!" मग त्यांनी स्वतःच बाकीच्या वह्या ओढून घेतल्या. तसं करणारी आणखी मुलं निघाली. दुसऱ्या दिवशी वर्गात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आले. 52 म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात काढायच्या आहेत, सुट्या दोनच आहेत, आता काय करायचं? त्या मुलीनेच एका गठ्ठ्याचा दोरा सोडला. त्या आठवड्यात गुरुजी मला म्हणाले, "बाई, भागाकाराला पण येऊन बसा."

सर, त्या गुरुजींना वजाबाकी शिकवता येत होती. चाळीस जोड्या डोळे समोर असताना एका मुलीच्या डोक्यात काय चाललंय हे बघायला त्यांना सवड नव्हती. ती सवड मागे बसलेल्या माणसाकडे असते. म्हणून वर्गात गेलेला मुख्याध्यापक हा शिक्षकाच्या उपयोगाचा माणूस होऊ शकतो, आणि एकदा तो उपयोग पटला की मधल्या सुट्टीतला अबोला आपोआप संपतो.

आता करायचं कसं? आधी तुमचा स्वतःचा वर्ग उघडा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळतो तो पहिली ते पाचवीला 150 पेक्षा जास्त किंवा सहावी ते आठवीला 100 पेक्षा जास्त मुलं असली तर. पाच शिक्षकांच्या शाळेत तुमच्याकडेही एक वर्ग असणारच. त्या दोन ज्येष्ठ शिक्षकांना सांगा, "माझ्या तासाला येऊन मागे बसा, ही चार मुलं काय करतात तेवढं बघा आणि मला सांगा." त्यांनी सांगितलेलं मनापासून ऐका, वहीत उतरवा, त्यातलं एखादं लगेच करून दाखवा. त्यानंतर तुम्ही त्यांच्या वर्गात जाल ते वेगळ्या नात्याने जाल.

कधी येणार ते आदल्या दिवशी सांगत जा. खुर्चीवर बसू नका, मुलांमध्ये बसा. हातात लॉगबुक नको. बोलायचं ते त्याच दिवशी, दोघांतच, आणि एकाच गोष्टीबद्दल. फळ्यावरचं अक्षर, वर्गसजावट, टाचणवही, आवाजाची पट्टी असं सगळं एका बैठकीत काढलंत तर ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. राहिलं लॉगबुक. ते भरा, पण लिहिलेलं शिक्षकाला दाखवा आणि त्याच्याकडून दोन ओळी त्याखाली लिहून घ्या. जे त्याच्या तोंडावर बोलता येत नाही ते लॉगबुकात लिहायचं नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला.

तुम्ही दुसऱ्याच्या वर्गात असताना तुमच्या मुलांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येईलच. सहावी-सातवीच्या मुलांनी पहिली-दुसरीच्या मुलांना जोडीने गोष्टी वाचून दाखवायचा एक तास वेळापत्रकात घाला. मोठ्यांचं वाचन सुधारतं, लहानांना ताई-दादा मिळतात, आणि तुम्हाला उठता येतं.

प्रश्न : मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही स्वतः प्रशिक्षणं घेतलीत म्हणून विचारते. आमची शाळा दोन शिक्षकी. एकाला प्रशिक्षणाला बोलावलं की दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे. तिथे जाऊन बघावं तर पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवतात, हजेरीपटावर सह्या, लिंक भरा, फोटो काढा. पुढच्या वर्षी तेच नव्या नावाने. यातून मुलांना काय मिळतं?
— एक शिक्षिका, आंबेगाव तालुका

उत्तर : राग कसला ताई, तुमचं म्हणणं खरं आहे. आणि हे म्हणणं शिक्षकांनी मोठ्याने मांडलं पाहिजे असं मला वाटतं, कारण स्टाफरूममध्ये कुरकुर होते आणि अभिप्रायाच्या कागदावर मात्र सगळे 'अतिशय उपयुक्त' लिहून मोकळे होतात. पुढच्या प्रशिक्षणाची आखणी त्या कागदावरून होते.

बिघडतं कुठे ते मी आतून पाहिलेलं आहे. राज्यपातळीवर एक गट तयार होतो, तो जिल्ह्याच्या सुलभकांना, म्हणजे प्रशिक्षकांना शिकवतो, ते तालुक्याच्या, आणि मग ते तुमच्यापर्यंत येतं. वरच्या पातळीवर चर्चा झालेली असते, वाद झालेले असतात, मुलांच्या वह्या बघितलेल्या असतात. खाली येता येता त्यातली चर्चा गळते आणि स्लाइड तेवढ्या उरतात. सुलभकाचा दोष थोडा असतो. त्याने स्वतः ती गोष्ट मुलांबरोबर करून पाहिलेलीच नसते, मग तो वाचून दाखवणार नाही तर काय करणार?

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या, म्हणजे कुमठे विभागातल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे, तुम्हालाही आठवत असेल. तिथे मुलं गटागटाने, आपल्या गतीने शिकत होती आणि बाई-गुरुजी त्यांच्यात जमिनीवर बसलेले असत. बघून आलेल्यांनी गावी परत येऊन काय केलं? पुष्कळांनी आधी फरशी रंगवली. अंकांच्या चौकटी, अक्षरांची वर्तुळं. रंगाचं काम लोकवर्गणीतून चार दिवसांत होतं. मुलाला उत्तर न सांगता पुढचा प्रश्न विचारायचा, ही सवय अंगी बाणायला वर्षं लागतात आणि ती पाहुण्याला एका भेटीत दिसतही नाही. ज्या शाळांत केंद्रप्रमुख किंवा मुख्याध्यापक नंतरही वर्गात येत राहिले तिथे काही टिकलं. बाकीच्या ठिकाणी फरशी पुसट झाली.

माझं ठाम मत आहे की ज्या प्रशिक्षणानंतर प्रशिक्षक एकदा तरी तुमच्या वर्गात येत नाही, ते अर्धंच झालेलं आहे. आणि हे काही नवं नाही. 1964 ते 66च्या कोठारी आयोगाने, म्हणजे देशाच्या शिक्षण आयोगाने, जवळपासच्या शाळांचा समूह करून त्यांनी एकमेकींना धरून चालावं, असं सुचवलं होतं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. मी गारगोटीलाच डी.एड. झाले, त्यामुळे हे नाव आमच्या कानावर फार लवकर पडलं. खेड्यातला शिक्षक एकटा पडतो आणि एकटा पडलेला शिक्षक हळूहळू विझतो, हे ज्याने जवळून पाहिलं त्यालाच अशी कल्पना महत्त्वाची वाटणार. पुढे 1986च्या राष्ट्रीय धोरणातून प्रत्येक जिल्ह्याला डाएट मिळालं, आणि 1994 साली आपल्या राज्याने साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख नेमला. तो नेमला होता तुमच्या वर्गात यायला. टपाल गोळा करायला नव्हे.

2020च्या धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने आणि मुख्याध्यापकाने वर्षाला 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलं आहे. तास भरून काढण्याच्या मागे न लागता, तुम्ही तुमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एक मागणी करा : पुढची परिषद एखाद्या शाळेच्या वर्गात घ्या, खऱ्या मुलांना घेऊन एक पाठ होऊ द्या आणि त्यानंतर तासभर फक्त त्या पाठावर बोलू या. पाठ केंद्रप्रमुखांनी घेतला तर फारच उत्तम. आम्ही आमच्या केंद्रात हे करायचो. परिषदेला येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाची वही आणायची, जिच्यातली चूक कळत नाही अशी. दुपारपर्यंत वह्यांवर डोकी जुळलेली असायची आणि जेवायची आठवण करून द्यावी लागायची.

दोन शिक्षकी शाळेचा प्रश्न मात्र अशाने सुटत नाही, हेही कबूल. दोन्ही शिक्षकांना एकाच आठवड्यात बोलावू नये आणि मोठ्या शाळेतून बदली शिक्षक द्यावा, एवढं तरी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागा. तोंडी मागितलेलं विसरलं जातं.

प्रश्न : मी शेतकरी आहे, शाळा व्यवस्थापन समितीत माझं नाव घातलंय. सभेला बोलावतात, सही घेतात, चहा देतात. आम्ही मुख्याध्यापकांना काय विचारू शकतो? जास्त बोललं तर पोरीला त्रास होईल अशी भीती वाटते.
— एक पालक, निलंगा तालुका

उत्तर : दादा, शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या ठेवल्या आहेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं, शाळा कशी चालते ते पाहणं, आलेला पैसा कशावर खर्च झाला ते बघणं हे तुमचं कामच आहे. तेव्हा संकोच नको.

पण सुरुवात हिशोबापासून करू नका, असं मी सांगेन. पहिला प्रश्न हा विचारा : "सर, आमच्या चौथीतल्या किती मुलांना दुसरीचं पुस्तक धडाधड वाचता येतं? जी वाचत नाहीत त्यांच्यासाठी आपण काय करायचं आणि आमची काय मदत होईल?" चांगल्या मुख्याध्यापकाला हा प्रश्न फार आवडतो. मला कुणी असं विचारलं की मी त्यांना तिथल्या तिथे वर्गात घेऊन जायची. पाणी, संडास, पोषण आहार हे प्रश्नही विचारायचेच, त्याने कुणाच्या पोरीला त्रास होता कामा नये. एकट्याने न बोलता चार पालकांनी मिळून बोला आणि बोललेलं इतिवृत्तात लिहिलं गेलं का, ते सही करण्याआधी वाचून बघा.

प्रश्न : मी बी.एड. नंतर आता एम.एड. करते आहे. मला शिक्षक प्रशिक्षणातच करिअर करायचं आहे, शाळेत नोकरी करण्यात पाच-दहा वर्षं घालवायची नाहीत. सरळ वाट कोणती? घरचे म्हणतात, आधी शिक्षिका हो.
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : बाळ, वाटा सांगते. डाएटमधली अधिव्याख्यात्याची पदं शिक्षण सेवेतली आहेत, ती लोकसेवा आयोगामार्फत भरतात. जाहिरातीतली पात्रता नीट वाचून अर्ज करायचा. अध्यापक विद्यालयं आणि बी.एड. महाविद्यालयं आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना पदोन्नतीने किंवा विभागीय परीक्षा देऊन केंद्रप्रमुख होता येतं. स्वयंसेवी संस्थांमध्येही आता या कामाला तरुण मुलं घेतात.

तरीही मी तुझ्या घरच्यांच्या बाजूची आहे. 'घालवायची नाहीत' हा शब्द तू वापरलास, तो मला खुपला. पहिलीच्या वर्गात जूनमध्ये रडत आलेलं मूल मार्चमध्ये स्वतःहून पाटी घेऊन येतं आणि "बाई, हे मी वाचलं" म्हणतं, तो प्रवास ज्याने स्वतः घडवलेला नाही, त्याने दुसऱ्याला वाचन शिकवण्याबद्दल काय सांगायचं? पुस्तकातलं सांगता येतं. पण समोर बसलेले चाळीस शिक्षक पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात, या बाईंनी वर्ग घेतलाय की नाही.

आपल्याकडची मोठी माणसं बघ. सावित्रीबाईंनी आधी स्वतः शिक्षिका होण्याचं शिक्षण घेतलं, 1848मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेत उभं राहून शिकवलं. ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर मुलांमध्ये काम करून आल्या होत्या, त्या 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबत. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. अशा माणसांनी शिक्षक घडवले, कारण कुठल्या मुलाला काय अडतं हे त्यांना पायाला माती लागून कळलेलं होतं. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी तर अध्यापक महाविद्यालयातलं प्राचार्यपद सांभाळून झाल्यावर, 1985 साली सृजन आनंद विद्यालय काढलं. शिक्षकांना शिकवून झालेली बाई परत लहान मुलांकडे आली. याचा विचार कर.

शक्य असेल तर पहिली किंवा दुसरीचा वर्ग माग. रोज संध्याकाळी एका मुलाबद्दल अर्धं पान लिही. दोन-तीन वर्षांनी ती वही उघडशील तेव्हा प्रशिक्षणात काय सांगायचं ते तुला कुणाला विचारावं लागणार नाही. तोवर एम.एड.चा प्रबंधही अशाच एखाद्या वर्गावर कर, नाशिकमध्येच शाळा भरपूर आहेत.

प्रश्न : येत्या मे महिन्यात मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होतो आहे. मागून येणाऱ्यासाठी काय ठेवून जावं? पदभाराच्या यादीत मुलांच्या नोंदींच्या जनरल रजिस्टरपासून डेडस्टॉकपर्यंत (शाळेच्या टिकाऊ सामानापर्यंत) सगळं आहे, पण शाळा त्यात कुठेच दिसत नाही.
— एक मुख्याध्यापक, चंदगड तालुका

उत्तर : सर, तुमच्या पत्राने फार बरं वाटलं. यादी पूर्ण करा, जनरल रजिस्टरची फाटकी पानं चिकटवून घ्या, कारण गावातल्या माणसांच्या जन्मतारखा त्यावर अवलंबून असतात. त्याशिवाय एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला एक पान. कुणाला वाचनात कुठपर्यंत आणलं, कुणाचं कुठल्या गणिताशी अडतं, कोण आजीकडे राहतं, कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेले की ते मूल शाळेतून जातं आणि कधी परत येतं, कुणाला डोळ्यांचा नंबर असून चष्मा घेतलेला नाही. वहीच्या शेवटी गावातल्या त्या माणसांची नावं लिहा ज्यांना हाक मारली की शाळेसाठी येतात.

हे एकट्याने लिहू नका. एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की सहकाऱ्यांना घेऊन बसा, प्रत्येकाने आपल्या वर्गाची पानं भरावीत. तुमच्या जागी येणाऱ्याचं नाव आधी कळलं तर मे महिन्यात त्यांना एकदा बोलावून घ्या आणि गावातून फिरवून आणा. नाव कळलं नाही तर वही प्रभार घेणाऱ्या शिक्षकाच्या हातात द्या, आणि घरातल्या खाजगी गोष्टी तीत असल्याने ती कपाटात कुलूपबंद ठेवायला सांगा. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची पानं मात्र केंद्रप्रमुखांना आधीच दाखवा, म्हणजे दिवाळीनंतर ती गाव सोडतील तेव्हा हंगामी वसतिगृहाची सोय वेळेत मागता येईल.